मोटारीच्या ब्रेकची खरखर : कारणे, निदान व उपाय

पावसाळ्यात व पावसाळा ओसरल्यानंतर वासोणा, खानवेल व दुधनी या परिसरात मोटारीने सहलीस जाणाऱ्या कुटुंबांची संख्या बरीच मोठी असते. दादरा व नगर हवेलीतील वासोणा हे गाव सिल्वासापासून जवळच असून तेथील सिंह-सफारीमुळे ते पर्यटकांना परिचित झाले आहे. तेथून पुढे खानवेलवरून वळणावळणाच्या डोंगराळ रस्त्याने मधुबन जलाशयाच्या काठी दुधनीपर्यंत जाता येते. मुंबई, ठाणे व पालघरकडील वाहने तलासरीवरून राष्ट्रीय महामार्गाने येतात, तर नाशिककडील काही वाहने त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या मार्गाने सह्याद्री उतरून येतात. म्हणजे एकाच प्रवासात महामार्गावरील वेग, घाटातील उतार आणि भरपूर पाऊस या तिन्हींशी मोटारीच्या ब्रेकची गाठ पडते. या प्रदेशात वर्षाकाठी दोनशे सेंटीमीटरहून अधिक पाऊस पडतो.

अशा ठिकाणी रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली मोटार सकाळी सुरू केली आणि पहिल्यांदा ब्रेक दाबला, की चाकांकडून खरखर ऐकू येते. हा अनुभव पुष्कळांना येतो. चालक क्षणभर दचकतो, आवाज दोन-चार वेळा ब्रेक लावताच नाहीसा होतो आणि ‘पावसाने असे होतेच’ अशी समजूत मनात पक्की होते. ही समजूत बहुतेक वेळा खरीही असते. मात्र काही महिन्यांनी ब्रेकचे अस्तर संपून धातूवर धातू घासू लागला, की तोही आवाज कानाला असाच वाटतो, आणि तेव्हा जुन्याच समजुतीवर विसंबून गाडी तशीच चालविली जाते. निरुपद्रवी खरखर कोणती आणि धोक्याची कोणती, हे प्रत्येक वाहनधारकास ओळखता आले पाहिजे. त्यासाठी यंत्रशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. आवाज केव्हा येतो, कोठून येतो आणि केव्हा थांबतो, एवढ्या तीन गोष्टींकडे लक्ष दिले तरी निम्मे निदान होते.

ब्रेकचे कार्य

चालत्या मोटारीत गतीची ऊर्जा साठलेली असते. ब्रेक ही ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करतो व ती उष्णता हवेत सोडून देतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविण्यास जेवढे घर्षण लागते, त्याच्या चौपट घर्षण ताशी ८० किलोमीटर वेगाची तीच गाडी थांबविण्यास लागते.

एके काळी रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींना मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. आजच्या बहुतेक कौटुंबिक मोटारींना पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. काही मोटारींना चारही चाकांना डिस्क असतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी असते. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक पॅड असतो आणि कॅलिपर नावाचा भाग हे दोन पॅड तबकडीवर चिमट्यासारखे दाबतो. ड्रम ब्रेकमध्ये फिरत्या ड्रमच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात व ते बाहेरच्या दिशेने फाकून ड्रमला घासतात. पॅड काय किंवा शू काय, दोन्हींची रचना एकाच तत्त्वावर असते : मागे पोलादी पट्टी आणि तिच्यावर घर्षण सोसणारे अस्तर, ज्याला गॅरेजमध्ये ‘लायनर’ असेही म्हणतात. झिजावयाचे ते या अस्तराने. ते झिजून संपले आणि पोलादी पट्टी तबकडीला टेकली, की धातूवर धातूचे घर्षण सुरू होते.

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढील चाकांवर येते. त्यामुळे ब्रेकचे अधिक काम पुढील चाकांना करावे लागते आणि पुढील पॅड सामान्यतः मागील शूंपेक्षा लवकर झिजतात.

आवाजांचे प्रकार व त्यांचे अर्थ

पहिला प्रकार ओलाव्याने येणाऱ्या गंजाचा. तबकडी बिडाची असल्याने पाऊस किंवा धुलाई यांनंतर काही तासांतच तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या काही वेळा ब्रेक लावताना पॅड हा थर खरवडून काढतात व तेवढ्यापुरती खरखर होते. एक-दोन किलोमीटरच्या आत आवाज पूर्णपणे थांबला, तर काळजीचे कारण नाही. गाडी आठवडेच्या आठवडे दमट जागी उभी राहिली असेल, तर मात्र गंज खोलवर जाऊन तबकडीवर खड्डे पडतात. असा आवाज आपोआप जात नाही.

दुसरा प्रकार बारीक व कर्कश किंचाळीचा. अनेक मोटारींच्या पॅडला लहानशी पोलादी पट्टी मुद्दाम बसविलेली असते. अस्तर ठराविक मर्यादेपर्यंत झिजले, की ही पट्टी तबकडीला स्पर्श करून चिरका आवाज काढते. हा बिघाड नसून निर्मात्याने योजलेली सूचना आहे. ती मिळताच पॅड बदलले, तर तबकडी शाबूत राहते. काही मोटारींत या पट्टीऐवजी चालकापुढे दिवा लागतो, तर काहींत दोन्हींपैकी काहीच नसते. म्हणून किंचाळी ऐकू आली नाही, याचा अर्थ अस्तर शिल्लक आहे असा करू नये.

तिसरा प्रकार जाड, खडबडीत घरघरीचा. दगडी जात्यात खडा अडकावा तसा. ब्रेक दाबताच हा आवाज येतो, पाय उचलताच कमी होतो आणि पुष्कळदा पायाखालच्या पेडलवर त्याची थरथर जाणवते. अस्तर संपून पोलादी पट्टी तबकडीवर घासत असल्याचे हे लक्षण होय. हा आवाज काही किलोमीटर चालल्यावर जात नाही, उलट वाढत जातो. या अवस्थेत गाडी पुढे नेऊ नये.

चौथा प्रकार ब्रेक न दाबताही येणाऱ्या घासण्याचा. खडी पडलेल्या किंवा कच्च्या रस्त्यावरून गेल्यावर एखादा बारीक खडा तबकडी व तिच्यामागील पातळ पत्र्याच्या आवरणात अडकतो, किंवा ते आवरणच वाकून तबकडीस लागते. आवाज मोठा असला, तरी दोष किरकोळ असतो. परंतु कॅलिपरची पिन किंवा दट्ट्या जाम होऊन पॅड सतत तबकडीला चिकटून राहिल्यानेही असाच आवाज येतो. अशा वेळी ते चाक इतर चाकांपेक्षा फार तापते, जळका वास येतो आणि गाडी एका बाजूस ओढली जाते. हातब्रेक अर्धवट लागलेला राहिला तर मागील चाकांबाबत हीच लक्षणे दिसतात. तेव्हा प्रथम तो पाहावा.

पाचवा प्रकार ब्रेकशी संबंध नसलेला, पण ब्रेकचाच वाटणारा. चाकाचे बेअरिंग खराब झाले, की वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं ऐकू येते. ब्रेक दाबल्याने तीत फारसा फरक पडत नाही. वळणावर मात्र ती कमीजास्त होते. हा दोषही गंभीर असून त्याची तपासणी लांबणीवर टाकू नये.

सहावा प्रकार नव्या मोटारींच्या चालकांना घाबरविणारा. ओल्या रस्त्यावर एकाएकी जोराने ब्रेक दाबला असता पेडल थरथरते व ‘कर्र कर्र’ असा आवाज येतो. चाके एकदम जाम होऊ नयेत म्हणून बसविलेल्या एबीएस यंत्रणेचे हे कार्य आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा अनिवार्य झाली. अशा वेळी घाबरून पाय उचलू नये. पेडल घट्ट दाबून धरावे व गाडी वळवून अडथळा चुकवावा.

निदानाची पद्धत

निदानासाठी मोकळे मैदान किंवा निर्जन सपाट रस्ता निवडावा. खिडक्या उघड्या ठेवून ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने गाडी न्यावी आणि प्रथम ब्रेक न लावता, मग हळू व शेवटी थोड्या जोराने ब्रेक लावून आवाज ऐकावा. शक्य असल्यास दुसऱ्या माणसास सुरक्षित अंतरावर उभे करून आवाज कोणत्या चाकातून येतो, ते पाहण्यास सांगावे. पेडल दाबताच मऊ लागत असेल किंवा तळापर्यंत जात असेल, तर ही चाचणीसुद्धा करू नये. गाडी आहे तेथेच ठेवून मेकॅनिकला बोलवावे.

त्यानंतर गाडी थांबवून प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. तबकडीला स्पर्श मुळीच करू नये, कारण ती भाजण्याइतकी तापलेली असते. चाकापासून काही अंतरावर तळहात धरला, तरी एखादे चाक अधिक तापले आहे काय, हे समजते. चाक थंड झाल्यावर रिमच्या फटींतून विजेरीच्या प्रकाशात तबकडी व पॅड पाहावेत. गुळगुळीत, एकसारखी तबकडी चांगली. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खोल रेघा उमटल्या असतील, तर धातूवर धातू घासला आहे. नव्या पॅडचे अस्तर साधारणपणे १० मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ते ३ मिलिमीटरपर्यंत आले, की पॅड बदलावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. मोटारीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास ते प्रमाण मानावे. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असल्यास एका बाजूचा पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो, म्हणून बाहेरचा पॅड जाड दिसला तरी आतला पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

बॉनेटखालील ब्रेक ऑइलची डबी हेही निदानाचे एक साधन आहे. अस्तर झिजत जाते तसतसा कॅलिपरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि त्यामागची जागा भरण्यासाठी डबीतील ऑइलची पातळी हळूहळू उतरते. पातळी कमी दिसली की वरून ऑइल ओतून मोकळे होण्याची सवय यासाठीच अयोग्य आहे. उतरलेली पातळी एकतर झिजलेले अस्तर दर्शविते किंवा गळती. दोन्हींपैकी काय आहे, ते आधी शोधले पाहिजे.

पुढील पॅड बदलणे

पॅड बदलण्याचे काम अनुभवी मेकॅनिककडून करवून घेणेच श्रेयस्कर होय. तथापि, ते कसे करावयाचे हे वाहनधारकास ठाऊक असल्यास कामावर नीट देखरेख ठेवता येते आणि हाताने काम करण्याची सवय असलेल्यांस ते स्वतःही करता येते.

गाडी सपाट व टणक जागी उभी करून हातब्रेक लावावा आणि मागील चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅक पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे धोक्याचे असते. त्याखेरीज मजबूत लोखंडी स्टँड द्यावा. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवल्यास आणखी एक आधार होतो.

चाक काढल्यावर बहुतेक मोटारींत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, की कॅलिपर वर उचलता येतो. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. जुने पॅड काढून नव्यांशी ताडून पाहावेत. दट्ट्या मागे दाबताना डबीतील ऑइल वर चढते. पूर्वी कोणी वरून ऑइल भरले असल्यास ते बाहेर सांडते व गाडीचा रंग खाते. म्हणून डबीवर लक्ष ठेवून दट्ट्या सावकाश दाबावा. कॅलिपरच्या पिना बाहेर काढून स्वच्छ कराव्यात व त्यांना ब्रेकसाठीचे विशेष ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिना पुन्हा जाम होतात. पॅडच्या अस्तराला व तबकडीला ग्रीसचा किंवा तेलकट हाताचा स्पर्श होता कामा नये.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंच्या चाकांचे एकाच वेळी बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढली जाते. स्वस्त नकली पॅडचा मोह टाळावा. सीलबंद वेष्टन व पावती यांचा आग्रह धरावा.

काम संपल्यावरची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी जागेवरून हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल अनेक वेळा दाबून ते टणक लागेपर्यंत थांबावे. दट्ट्या मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि हे विसरून गाडी सुरू केल्यास ती समोरच्या भिंतीवर किंवा माणसावर जाऊ शकते. त्यानंतर डबीतील पातळी पाहावी, चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि पहिले काही दिवस एकाएकी जोराचे ब्रेक लावणे टाळावे, म्हणजे नवे पॅड तबकडीवर नीट बसतात.

तबकडी व मागील ड्रम

तबकडीवर रेघा पडल्या असतील, तर लेथवर फिरवून ती सपाट करता येते, पण तिलाही मर्यादा आहे. किमान जाडीचे माप बहुधा तबकडीवरच कोरलेले असते. त्याहून पातळ झालेली तबकडी उष्णता सोसू शकत नाही. ती बदलावीच लागते व तीही जोडीने. रेघा पडलेल्या तबकडीवर नवे पॅड बसविण्यात काटकसर नाही. असे पॅड लवकर झिजतात आणि आवाजही कायम राहतो.

मागील ड्रममध्ये अस्तराची भुकटी साठून राहते, तीमुळेही खरखर होते. ही भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे व त्याचे तंतू फुप्फुसांना घातक ठरतात. ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्यावी. ड्रममधील स्प्रिंगांची रचना गुंतागुंतीची असल्याने हे काम जाणकाराकडेच द्यावे. ड्रमच्या आत ओलसरपणा दिसल्यास ब्रेक ऑइल गळत आहे असे समजावे. ऑइलने भिजलेले अस्तर धुऊन पुन्हा वापरू नये. ज्या मोटारींत हातब्रेक विजेच्या बटणाने लागतो, त्यांच्या मागील पॅडचे काम योग्य उपकरणाशिवाय करू नये.

ब्रेक ऑइल व घाटातील उतार

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरच्या चाचणीत त्यासाठी किमान १५५ अंश एवढीच मर्यादा ठेवलेली आहे. डॉट ३ प्रतीसाठी हेच आकडे २०५ व १४० असे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील दमट हवेत ऑइल वेळेवर बदलणे म्हणूनच अधिक अगत्याचे ठरते. पुस्तिकेत वेगळी मुदत नसल्यास दर दोन वर्षांनी ते बदलावे.

याचे महत्त्व घाट उतरताना कळते. एखाद्या घाटात गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर त्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगाची तीच गाडी सुमारे २१ वेळा थांबविण्याइतकी असते. यातील काही भाग हवा व चाके यांच्या विरोधात खर्च होतो. उरलेला इंजिनाने किंवा ब्रेकने पेलावा लागतो. चालक गाडी वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये ठेवून सतत ब्रेक दाबत राहिला, तर सर्व भार ब्रेकवर पडतो. अस्तर तापून त्याची पकड कमी होते, जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे. संपलेल्या अस्तरानिशी सहकुटुंब घाट उतरणे म्हणजे आवाजाने आधीच दिलेली सूचना नाकारणे होय.

कायद्याची दृष्टी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ महाराष्ट्राप्रमाणेच दादरा व नगर हवेलीतही लागू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. अधिनियमाच्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा अपराध आहे. आणि दोष प्रत्यक्ष माहीत असला तरच नव्हे, तर सामान्य काळजी घेतली असता जो कळू शकला असता, अशा दोषाबद्दलही वाहन चालविणारा जबाबदार ठरतो. ब्रेकमधून येणारी घरघर ही सामान्य काळजीच्या कक्षेत निश्चितच येते.

सहलीस निघण्यापूर्वी

लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी आठ दिवस आधी पॅडची जाडी, ब्रेक ऑइलची पातळी व हातब्रेक यांची तपासणी करून घ्यावी. आदल्या दिवशी तपासणी केल्यास दोष सापडूनही दुरुस्तीस वेळ उरत नाही व गाडी तशीच नेली जाते. वाटेत घरघर सुरू झाली, तर वेग कमी करून, इंजिनाच्या साहाय्याने गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ती एक-दोन किलोमीटरमध्ये पूर्णपणे न थांबल्यास, किंवा पेडल मऊ लागल्यास, पुढचा प्रवास रद्द करून वाहन ओढून नेण्याची व्यवस्था करावी. सहल पुढच्या रविवारीही करता येते.

ब्रेकच्या दुरुस्तीचा खर्च पायरीपायरीने वाढत जातो. किंचाळी ऐकताच लक्ष दिले, तर केवळ पॅड बदलावे लागतात. घरघरीपर्यंत वाट पाहिली, तर त्यात तबकडीची भर पडते. त्यानंतरही दुर्लक्ष झाले, तर होणारी हानी कोणत्याही गॅरेजमध्ये भरून निघत नाही. वाहनधारकांनी आपल्या मोटारीचा नेहमीचा आवाज कोणता, हे ओळखून ठेवावे, म्हणजे त्यातील बदल वेळीच ध्यानात येईल आणि सहलीस निघालेले कुटुंब सुखरूप घरी परतेल.